मुक्कामाची राखण

डोंगरात चालणाऱ्या माणसाची रात्र, एवढाच आजचा विषय. दिवसभर चालून थकलेल्या, परक्या मुलखात आलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर कोण धरतं, आणि ते छप्पर पुढच्या माणसासाठी, पुढच्या पिढीसाठी शाबूत कसं राहतं, हे सावकाश पाहायचं आहे. वाचताना घाई नको. मधूनमधून थांबायला सांगितलं आहे, तिथे खरंच थांबावं. दोन-चार श्वास जाऊ द्यावेत, मनापुढे आलेलं नीट पाहून घ्यावं आणि मगच पुढच्या ओळीकडे वळावं.

आधी नीट बसा. पाठीला टेका द्या. तळपाय जमिनीला पूर्ण टेकू द्या. आज या पायांनी तुम्हाला कुठून कुठे आणलं ते आठवा. मग अशी कल्पना करा की हे पाय दिवसभर दगडधोंड्यांतून आणि काट्याकुट्यांतून चालले आहेत, पोटऱ्या भरून आल्या आहेत, पाठीवरच्या ओझ्याने खांद्यांवर वळ उठले आहेत आणि दिवस मावळायला आला आहे. अशा वेळी माणसाच्या गरजा फार थोड्या उरतात. पाणी. आडोसा. पाठ टेकण्यापुरती कोरडी जागा. आणि इथे झोपलो तर कोणी हाकलणार नाही, एवढी खात्री.

या चार गोष्टी मनात धरून ठेवा.

पायथा

आता मन रोहिणखेडला न्या. बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी हे गाव आहे. या जिल्ह्यात कोणी कुठला, हे सांगताना आजही घाटावरचा की घाटाखालचा, असं सांगतात. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा. जुन्या वऱ्हाडात याच दोन मुलखांना बालाघाट आणि पायनघाट म्हणत. रोहिणखेड घाटाखालचं, पण डोंगराला अगदी खेटून. एका अंगाला पूर्णेच्या खोऱ्याचं काळ्या मातीचं सपाट रान, दुसऱ्या अंगाला पठारावर नेणारा चढ.

इतिहासाने या गावाची नोंद लढायांसाठी घेतली. १४३७ साली खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला, तेव्हा बहमनी सैन्याने त्याचा इथे पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीवरून भांडण पेटलं, त्यात निजामशाहीतला सरदार जमालखान इथल्याच रणात पडला. त्याच काळातली, १५८२ साली खुदावंदखान महदवी याने बांधवलेली दगडी मशीद ही गावाची दुसरी ओळख. फौजा इथे का भिडल्या, याचं उत्तर डोंगरात आहे. वाट इथूनच वर चढते. ज्याला वर जायचं त्याला इथून जाणं भाग, आणि ज्याला त्याला अडवायचं त्याला इथेच उभं राहणं भाग.

पण लढाई कधीतरी होते. रात्र रोज होते.

घाटाच्या पायथ्याच्या गावाचा एक नेम असतो. भरल्या गाडीने घाट चढायचा तर सकाळ लागते, बैल ताजे लागतात. घाट उतरून येणारा खाली पोचतो तेव्हा दिवस कलंडलेला असतो. म्हणजे चढणारा आणि उतरणारा, दोघांचीही रात्र पायथ्याशीच पडते. याच रांगेत पश्चिमेला, अजिंठा घाटाखाली असलेल्या फर्दापूरला मुघलांच्या काळात मोठी सराई बांधली गेली, ती याच नेमामुळे. जिथे सराई नव्हती तिथे मारुतीचं देऊळ होतं, वडाचा पार होता, एखाद्या घराची ओसरी होती. धान्य-मिठाची ने-आण करणाऱ्या लमाणांच्या तांड्यांना तर उघडं रानच होतं.

थांबा. पायथ्याच्या एखाद्या गावातली अशी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. गाड्या सुटल्या आहेत, बैल पाण्यावर नेले आहेत. तीन दगडांच्या चुली पेटल्या आहेत. कोणी कोणाला ओळखत नाही, तरी धूर एकाच दिशेला चालला आहे. उद्या सकाळी अर्धे वर जातील, अर्धे खाली. संध्याकाळी पुन्हा नवे येतील. येणारे बदलत राहतील. मग यात न बदलणारं कोण आहे?

तीन माणसं

प्रत्येक मुक्कामामागे तीन माणसं असतात. एक बांधणारा, एक झोपणारा आणि एक राखणारा.

बांधणाऱ्याचं नाव आपल्याला बहुधा कळतं. ते शिलालेखात असतं, ताम्रपटात असतं, धर्मशाळेच्या दारावरच्या संगमरवरी पाटीवर असतं. झोपणाऱ्याचं नाव त्याला स्वतःला ठाऊक असतं. त्या रात्रीची आठवणही त्याच्यापाशी असते, आणि पुढे कित्येक वर्षं ती तो इतरांना सांगत राहतो. राखणाऱ्याचं मात्र सहसा काहीच उरत नाही. ज्याने पहाटे अंगण झाडलं, ज्याने रांजण भरला, पावसाळ्याआधी कौलं फिरवली, कंदिलाची काच पुसली, कोणीतरी मागे टाकलेली घाण उचलली आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा केलं, त्याचं नाव कुठल्याच दगडावर नसतं.

पिकाची राखण करणारा मळ्यातल्या माळ्यावर रात्रंदिवस बसून असतो. खळ्यावर धान्याची रास पडते तेव्हा तिच्याकडे पाहून कोणाला त्याची जागरणं दिसत नाहीत. मुक्काम राखणाऱ्याचंही तसंच आहे. त्याचं काम चोख झालं की ते दिसत नाही. ते चुकलं तरच दिसतं.

मेळघाटात कोलकास आणि सेमाडोह इथे वनखात्याची विश्रामगृहं आहेत. अशा जुन्या विश्रामगृहांत आधी काय दिसतं? उंच छत, रुंद व्हरांडा, खाली वाहणारी सिपना नदी. या सगळ्याची स्तुती होते. पण ज्या चौकीदाराने रात्री दहाला आलेल्या पाहुण्यांसाठी कुलूप उघडलं, बंब पेटवला, गाद्या झटकल्या आणि मग मागच्या खोलीत जाऊन उरलंसुरलं जेवण केलं, त्याच्या चेहऱ्याकडे किती जणांनी पाहिलेलं असतं?

थांबा. तुम्ही आजवर घराबाहेर काढलेल्या रात्रींपैकी एखादी आठवा. तीर्थक्षेत्रातली असेल, ट्रेकमधली असेल, नाहीतर एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं सरकवून काढलेली असेल. तिथलं छत आठवतं का? बहुधा आठवतं. तिथे झाडू कोणी मारला होता, ते आठवतं का?

आठवत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. फक्त तेवढी रिकामी जागा मनात ठेवा आणि पुढे चला.

दगडातलं अंथरूण

रोहिणखेड ज्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे, त्याच रांगेत पश्चिमेला वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. आपण तिथे चित्रं पाहायला जातो. आज चित्रांपासून जरा बाजूला व्हा आणि बाराव्या लेण्यात चला. हे जुन्या काळातलं लेणं, इसवी सनाच्या आधीचं. चित्रांसाठी त्याची ख्याती नाही, म्हणून तिथे गर्दी थांबत नाही. मधे चौकोनी दालन, तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या. प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन-दोन ओटे. ओट्यावर माणूस आडवा होऊ शकतो. दोन ओट्यांमध्ये उभं राहण्यापुरती जागा.

ही डोंगरातल्या मुक्कामाची आपल्या मुलखातली फार जुनी सोय. बौद्ध भिक्खू एरवी चालत असत आणि पावसाळ्यात एके ठिकाणी राहत. ओढे फुगतात, वाटा निसरड्या होतात, पायाखाली कोवळी रोपं आणि जीवजंतू चिरडतात, म्हणून चालणं थांबवायचं. चालणाऱ्यांच्या त्या विश्रांतीसाठी डोंगर कोरले गेले. बाराव्या लेण्यातला लेख सांगतो की हे दान घनामदड नावाच्या एका व्यापाऱ्याचं आहे. स्वतः वाटा तुडवणाऱ्या माणसाने वाट चालणाऱ्यांना दिलेली जागा.

पुढे पाचव्या शतकात सोळावं लेणं कोरवलं ते वराहदेवाने. वाकाटक राजा हरिषेण याचा तो मंत्री. त्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम, बुलडाण्याच्या शेजारच्या जिल्ह्याचं ठिकाण. वराहदेवाच्या लेखात या वास्तूचं वर्णन आहे. खिडक्या-दारांचा त्यात उल्लेख येतो, पाण्याच्या टाक्याचाही येतो. वास्तू देणाऱ्याला ठाऊक होतं की नुसती गुहा म्हणजे निवारा नव्हे. हवा लागते, उजेड लागतो, पाणी लागतं.

थांबा. त्या दगडी ओट्यावर तळहात ठेवल्याची कल्पना करा. दगड गार आहे. इथे कितीतरी पावसाळे कोणी ना कोणी पाठ टेकली. तो माणूस त्या खोलीचा मालक नव्हता. त्याच्या आधी दुसरा होता, नंतर तिसरा आला. या ओट्याने कधी कोणाला विचारलं नाही, तू किती दिवस राहणार? पण कोणीतरी तो रोज पुसला असला पाहिजे. कोणीतरी दारातलं पावसाचं पाणी उपसलं असलं पाहिजे. लेखात तो माणूस नाही.

व्याज

राखणाऱ्याचा विचार जुन्या माणसांनी केलाच नव्हता असं मात्र नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याशी चला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथे आहेत. तो सांगतो की आपण भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि गोवर्धन हे नाशिकजवळचं. बांधणाऱ्याने आपलं नाव लिहिलं, हे नेहमीचंच.

पण त्याच लेण्यातल्या, तेव्हाच्या कालगणनेतल्या ४२ या वर्षाच्या लेखाचा तपशील मन लावून पाहण्यासारखा आहे. उषवदाताने लेणं दिलं आणि त्यासोबत ३००० कार्षापण नाण्यांची कायम ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत काढायचं नाही, वापरायचं ते फक्त व्याज. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. लेख सांगतो की या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवराचे, म्हणजे अंगावरच्या वस्त्राचे द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून दप्तरी नोंदवला गेला.

हा हिशेब पुन्हा एकदा मनात करून पाहा. त्यात भक्ती आहे आणि शहाणपणही आहे. डोंगर एकदाच कोरावा लागतो, पण त्यात राहणाऱ्याचं वस्त्र दरवर्षी विरतं, हे या माणसाला कळलं होतं. म्हणून त्याने वास्तूला उत्पन्न जोडलं. आणि ते उत्पन्न कोणाच्या हाती? विणकरांच्या. ज्यांच्या मागावर कापड निघतं त्यांनीच दरवर्षी ते व्याज चुकतं करायचं. राखण ही एका माणसाच्या दयेवर न सोडता गावाच्या उद्योगाला बांधून टाकली.

थांबा. ज्या जागेने तुम्हाला कधी आसरा दिला, तिचं व्याज आज कोण भरतं आहे?

ओसरी

आता सह्याद्रीत या. हरिश्चंद्रगडाखालची पाचनई आणि खिरेश्वर, रतनगडाखालची रतनवाडी, राजगडाखालचं गुंजवणे, कळसूबाईखालची बारी. डोंगर चढणाऱ्या मराठी मुलामुलींना ही गावं पाठ असतात. आल्प्समध्ये स्विस अल्पाइन क्लबने १८६३ मध्ये, स्थापनेच्याच वर्षी, डोंगरात पहिली झोपडी बांधली. आपल्याकडच्या गिर्यारोहकांना वेगळी झोपडी फारशी लाभली नाही. त्यांची झोपडी म्हणजे गडावरची गुहा, राजगडावर पद्मावतीचं देऊळ, तोरण्यावर मेंगाईचं देऊळ, आणि पायथ्याच्या घराची ओसरी. विदर्भातल्या परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर आयुष्यभर गड फिरले. गडांइतक्याच आपुलकीने त्यांनी तिथल्या माणसांवरही लिहिलं, कारण गडावरची रात्र त्या माणसांच्या आधारानेच निघते.

त्या ओसरीत बसा. शेणाने सारवलेली जमीन. भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या, वाकळा. आतून चुलीचा धूर आणि भाजणाऱ्या भाकरीचा वास. तुम्ही "मावशी, अजून एक भाकरी" असं हक्काने म्हणता आणि ती येते, वर पिठल्याची वाढ. "पोटभर जेवा रे, गड काय पळून जात न्हाई," असं ती म्हणते.

आता त्या मावशीचा दिवस तिच्या बाजूने पाहा. तुम्ही सात वाजता उठणार, म्हणून ती साडेचारला उठते. सह्याद्रीत पावसाळ्यात धो धो पाणी पडतं आणि एप्रिलमध्ये त्याच गावात हंडाभर पाण्यासाठी उतार उतरून जावं लागतं. तुम्ही हातपाय धुतलेत ते पाणी तिच्या डोक्यावरून आलं. पंधरा जणांच्या भाकऱ्या म्हणजे किती थापणं, किती जाळ, किती सरपण. तुम्ही गेल्यावर पंधरा ताटं, पंधरा पांघरुणं. शनिवार-रविवारी तुम्हाला सुट्टी, तिला दुप्पट काम.

यातून तिला पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. आदरातिथ्याला मोल नसतं असं म्हणून आपण कधीकधी कष्टाचंही मोल बुडवतो. जेवणाच्या दरात दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करताना समोर कोणाचं पहाटेचं जागरण आहे, हे मनात आणलं तर तोंडातून शब्द फुटणार नाही.

थांबा. तुमच्या ओळखीच्या अशा एखाद्या मावशीचा, एखाद्या काकांचा चेहरा आठवा. त्यांचं नाव माहीत आहे का? माहीत असेल तर मनात उच्चारा.

बंद दार

मुक्कामाचा विचार करताना एका दाराशी थांबावंच लागतं. ते सगळ्यांसाठी उघडं नव्हतं.

आरंभी चार गरजा मोजल्या, त्यांतली चौथी आठवा: कोणी हाकलणार नाही ही खात्री. आपल्या समाजात ही खात्री जातीवर ठरत होती. वाट सगळ्यांची होती, चढ सगळ्यांना सारखाच दमवत होता, पण देवळाचा ओटा, धर्मशाळेची खोली आणि विहिरीचं पाणी सगळ्यांचं नव्हतं. परंपरा सांगते की संत चोखामेळा बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचे, म्हणजे घाटावरचे. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर आहे. इतकं चालून आलेला माणूस दाराबाहेरच राहिला.

याच दाराशी विदर्भाचे दुसरे एक चालणारे पुढे येतात. गाडगेबाबा. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले, १९५६ मध्ये देह ठेवेपर्यंत गावोगाव पायपीट करत राहिलेले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कुठेच आसरा नव्हता त्या यात्रेकरूंसाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जो दाराबाहेर राहिला, त्याच्याच नावाने दार उघडलं.

लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या करणाऱ्या बाबांनी त्यांत स्वतःसाठी खोली ठेवली नाही. ते बाहेर झोपडीत, नाहीतर झाडाखाली राहिले. आणि गावात पाऊल टाकल्याबरोबर त्यांचं पहिलं काम काय असे? झाडू घेऊन रस्ता झाडणं. कीर्तन रात्री, झाडणं आधी.

थांबा. इथे घाई करू नका. मघाशी आपण तीन माणसं वेगळी केली होती: बांधणारा, राखणारा, झोपणारा. गाडगेबाबांच्या ठायी बांधणारा आणि राखणारा एक झाले. पाटीवर नाव कोरण्याचा ज्याला अधिकार होता, त्याच्याच हाती झाडू होता. राखण हे खालच्या माणसाचं काम, ही समजूत त्यांनी उपदेशाआधी हातांनी मोडली.

त्याच भावनेचा मोठा विस्तार बुलडाणा जिल्ह्यातच शेगावला दिसतो. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी आपलं घरचं काम बाजूला ठेवून, पाळी लावून येतात. कोणी फरशी पुसतं, कोणी चपला सांभाळतं, कोणी पंगत वाढतं. तिथल्या भक्तनिवासांच्या स्वच्छतेचं कौतुक सगळेच करतात. त्या स्वच्छतेला हात आहेत, आणि ते हात आपण होऊन पुढे आलेले आहेत. आषाढीसाठी याच शेगावाहून महाराजांची पालखी पायी पंढरपूरला निघते, आणि वाटेतली गावं रात्रीच्या मुक्कामासाठी अंगणं सारवून ठेवतात.

रानाचा मुक्काम

चालणारी फक्त माणसंच नसतात. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यातल्या कॉलरमुळे त्याची वाट कळत गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते, वस्त्या ओलांडत तो तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला आणि वर्षाच्या शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. अजिंठ्याच्या याच डोंगरांनी त्याला आसरा दिला.

ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं रान. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. उन्हाळ्यात पाणवठे भरणारे, वणवा लागला तर झाडाच्या डहाळ्या घेऊन आगीमागे धावणारे वनमजूर आणि वनरक्षक आहेत. एवढ्या लांबून चालत आलेल्या जनावराला तिथे आडोसा आणि पाणी मिळालं, त्यामागेही कोणाचीतरी राखण होती. डोंगरात आपण मुक्कामाला जातो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी कायमच्या मुक्कामात शिरतो, हेही या मननात धरायला हवं. आवाज कमी, उजेड कमी, शेकोटी सांगितलेल्या जागीच.

किल्ली

आता थोडं दूर, नॉर्वेत चला. तिथली पर्वतप्रवास संघटना १८६८ मध्ये स्थापन झाली. डोंगरात तिच्या पाचशेहून जास्त झोपड्या आहेत. त्यांतल्या कित्येक झोपड्यांत कोणी व्यवस्थापक नसतो. सभासदांपाशी एक ठरलेली किल्ली असते, तिने त्या उघडतात. आत सरपण असतं, अंथरुणं असतात, काहींत डबाबंद शिधाही असतो. आलेल्याने स्वतः लाकडं फोडायची, पाणी आणायचं, स्वयंपाक करायचा, घेतलेल्या शिध्याची नोंद करून पैसे चुकते करायचे. निघताना भांडी घासायची, झोपडी झाडायची, पुढच्यासाठी लाकडं आत आणून ठेवायची. तपासायला कोणी नसतं. न्यूझीलंडमध्ये सरकारच्या अशा नऊशेहून जास्त झोपड्या आहेत. तिथल्या वहीत चालणारा आपलं नाव आणि पुढची वाट लिहून जातो. तो हरवला, तर शोधणाऱ्यांना त्या वहीचा आधार होतो.

इथे काय झालं ते पाहा. गाडगेबाबांच्या हाती बांधणारा आणि राखणारा एक झाले होते. या झोपड्यांत झोपणारा आणि राखणारा एक होतात. राखणाऱ्याचं ओझं सगळ्यांनी वाटून घेतलं.

आणि याच्या उलट काय घडतं, तेही आपण पाहिलं आहे. गडावरच्या टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात, गुहेच्या छताला चुलीची काजळी धरते, देवळाच्या मागे जाववत नाही. आज काही गडांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे. वाईट वाटतं, पण कारण उघड आहे. जिथे प्रत्येकजण फक्त झोपणारा होतो, तिथे एक दिवस मुक्कामच बंद होतो. उलट, सुट्टीच्या दिवशी घमेली-फावडी घेऊन टाक्यांतला गाळ काढणारी तरुण मुलंही याच गडांवर दिसतात. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी खोदलेल्या टाक्यात त्यांच्यामुळे पुन्हा पाणी साठतं. त्या वास्तूचं थकलेलं व्याज ती मुलं भरत आहेत.

सकाळ

पुन्हा आपल्या बैठकीकडे या. तळपाय जमिनीवर आहेत का पाहा. खांदे सैल सोडा.

आता या मननातला शेवटचा भाग स्वतः करायचा आहे. डोंगरातली एक सकाळ मनात आणा. रात्र बरी गेली आहे. बाहेर उजाडलं आहे, पुढची वाट बोलावते आहे, सोबतचे लोक घाई करत आहेत. पाठपिशवी खांद्याला लावण्याआधी एकदा मागे वळा आणि ज्या जागेत झोपलात ती नीट पाहा. काल संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा ती कशी होती? आज संध्याकाळी येणाऱ्या माणसाला ती कशी दिसेल? तो तुम्हाला कधी भेटणार नाही. त्याची जात, भाषा, गाव, काही तुम्हाला ठाऊक नाही. तो दमलेला असेल, एवढंच नक्की ठाऊक आहे. आणि त्याच्या त्याच चार गरजा असतील.

बांधणं सगळ्यांच्या हातात नसतं. लेणं कोरवायला वराहदेवाचं वैभव लागतं, ठेव ठेवायला उषवदाताचे कार्षापण लागतात, धर्मशाळा उभारायला गाडगेबाबांसारखं आयुष्य लागतं. झोपणं तर आपण सगळेच करतो, त्यात काही विशेष नाही. राखणं मात्र प्रत्येक मुक्कामी आपल्या वाट्याला येतं, आणि त्याला वैभव लागत नाही, पद लागत नाही. अर्धा तास लागतो आणि वाकणारी कंबर लागते. त्या अर्ध्या तासात आपण घनामदड व्यापाऱ्याच्या, त्या विणकरांच्या, ओसरीतल्या मावशीच्या आणि शेगावच्या सेवेकऱ्याच्या ओळीत जाऊन उभे राहतो. डोंगरात माणसाला रात्र काढता येते ती या ओळीमुळे. ती तुटली तर उत्तम इमारतीचंही चार पावसाळ्यांत खिंडार होतं. ती टिकली तर दगडाचा साधा ओटाही दोन हजार वर्षं माणसाला पाठ टेकू देतो.

म्हणून पुढच्या वेळी डोंगरात मुक्कामाला जाल तेव्हा एवढं करा. पोचल्यावर आधी राखणाऱ्याचं नाव विचारा आणि रात्रभर त्याच नावाने हाक मारा. त्याच्या कष्टाचे पैसे घासाघीस न करता हातात द्या. आणि झोपण्याआधी झाडू कुठे ठेवलेला असतो ते विचारून घ्या, म्हणजे सकाळी निघताना तो शोधण्यात वेळ जाणार नाही.